बारवीच्या रस्त्यावरचे दोन दिवे

आमच्या जुन्नर तालुक्यातून मोटारीला दिवे लावून घ्यायला कुणी उल्हासनगरला जात नाही. मी गेलो, त्याला कारण माझी पद्मिनी. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो त्याच्या दोन वर्षं आधीची ही गाडी. निवृत्तीनंतर पुसणं, चालवणं, तिच्याशी बोलणं, हेच माझं काम. माळशेज उतरायचा तर धुक्यात जादा दिवे हवेतच, म्हणून मी तिच्या बंपरवर दोन मोठे दिवे बसवून घेतले होते, थाळीएवढे. गावातली पोरं गाडीसमोर उभी राहून फोटो काढायची. मला बरं वाटायचं.

नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेली तेव्हा तिथल्या निरीक्षकबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि दिव्यांपाशी थांबल्या.

"सर, गाडी सुंदर ठेवलीय. पण हे सर्चलाइट काढा. परवानगीशिवाय समोर असले दिवे चालत नाहीत. जादा दिवे हवेच असतील तर नियमात बसणारे लावा, खाली, नीट कोन करून. मग या."

जुन्या गाडीला शोभतील असे काचेचे दिवे आता मिळत नाहीत. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एक जुना इलेक्ट्रिशियन आहे, त्याच्याकडे माल असतो, असं एका गाडीवेड्या मित्राने सांगितलं. मी लगेच जायचं ठरवलं, कारण त्या बाजूला माझं आणखी एक काम होतं. बदलापूरला मिलिंद जाधव नावाचा एक माणूस राहतो. तेरा महिन्यांपूर्वी त्याला अपघात झाला होता आणि मी त्याला माझ्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. घरी बायकोला एवढंच माहीत होतं. मिलिंद सणासुदीला फोन करायचा आणि दर वेळी म्हणायचा, "सर, एकदा घरी जेवायला या." मी दर वेळी काहीतरी सबब सांगायचो.

उल्हासनगर

जानेवारीतली सकाळ होती. माळशेज उतरताना धुकं नव्हतं, नुसता राखाडी उजेड होता. मुरबाडला चहा घेतला. तिथून बदलापूरकडे बारवी धरणाचा रस्ता फुटतो, झाडीतून जाणारा, जवळचा. मी तो टाळला आणि कल्याणच्या रस्त्याने लांबून गेलो.

आमच्याकडे त्या दिवसांत सकाळी दातावर दात वाजतात. इथे नऊ वाजताच सदरा पाठीला चिकटला. कॅम्प एकच्या गल्लीत दुतर्फा दुकानं, दुकानांसमोर हातगाड्या, हातगाड्यांसमोर स्कूटर, आणि उरलेल्या जागेतून माझी पद्मिनी. अशा ठिकाणी तिचा हॉर्न अडकला. बंदच होईना. एक बाई गॅलरीत येऊन ओरडल्या, "अहो काका, लग्न आहे का कुणाचं?" सगळी गल्ली हसली. तेवढ्यात एक साठीचा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पान्हा घेऊन आला, बॉनेट उघडलं आणि एक वायर खेचली. हॉर्न गप्प झाला.

"हरेश," तो म्हणाला. "तुमचाच फोन आला होता ना? आधी नाश्ता करा, साईं. भुकेल्या माणसाची गाडी मी उघडत नाही."

त्याचं मराठी सिंधी वळणाचं होतं, मध्येच हिंदीत घसरणारं, पण अडणारं नव्हतं. त्याने दाल पकवान मागवलं. कुरकुरीत पुरी, वर घट्ट डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. सकाळी सकाळी एवढं तळकट आमच्याकडे कुणी खात नाही. मी सगळं संपवलं. मग त्याने माझे दिवे पाहिले आणि त्याचा चेहरा बदलला.

"ये किसने लगाया?"

"गावातल्या गॅरेजवाल्याने. मीच सांगितलं होतं."

"बटण कुठंय?"

मी दाखवलं. डॅशबोर्डच्या खाली, डाव्या हाताला, जिथे वाकल्याशिवाय हात पोचत नाही.

"म्हणजे समोरून गाडी आली, तुम्ही डिपर मारला, तर तुमचे स्वतःचे दिवे खाली जाणार आणि हे दोन तसेच जळत राहणार. हे बंद करायला तुम्ही खाली वाकणार." त्याने मान हलवली. "समोरच्याने तोपर्यंत काय करायचं?"

मी डॅशबोर्डाखालून हात काढून घेतला. त्याला वाटलं मी ओशाळलो. त्याने आवाज मऊ केला. "जाऊ द्या. सगळे असंच लावतात. अर्धे लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, समोरचा आंधळा झाला पाहिजे असा फोकस दे. मी म्हणतो, शेजारच्याकडे जा."

माळ्यावरून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन दिवे काढले. छोटे, गोल, जाड काचेचे. ते त्याने बंपरच्या खालच्या बाजूला बसवले. फ्यूज आणि रिले घातला, म्हणजे जुन्या वायरिंगवर भार येणार नाही. जोडणी अशी केली, की गाडीचा मोठा प्रकाश लागला तरच हे लागतील आणि डिपर मारला की त्याच क्षणी विझतील. काम चालू असताना तो मला नियम समजावत होता, एखाद्या शिक्षकासारखा. प्रकाश एकतर कायम खाली असला पाहिजे, नाहीतर ड्रायव्हरच्या हातून एका झटक्यात खाली गेला पाहिजे. समोर आठ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर माणसाचे डोळे आहेत असं धरायचं. ते डोळे दिपता कामा नयेत.

"दीड मीटर म्हणजे?" मी विचारलं.

"मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे, असं समजा," तो म्हणाला.

जुने दिवे त्याने पोत्यात बांधून माझ्या डिकीत ठेवले. कोन लावायला सपाट जमीन आणि अंधारी जागा लागते. ती उद्या अंबरनाथला मिळेल, असं म्हणून त्याने मला एका लॉजचा पत्ता दिला. लॉजच्या खिडकीखाली नाला होता. खिडकी उघडी ठेवावी तर वास, बंद करावी तर घाम. मी ती बंद ठेवली.

अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश माझ्या शेजारी बसून अंबरनाथला आला. वाटेत शिवमंदिर दाखवतो म्हणाला. त्या काळ्या दगडावर किती बारीक काम आहे ते मी एरवी तासभर पाहत बसलो असतो, वही काढून चितारलंही असतं. त्या दिवशी मी मूर्तींकडे नुसता पाहत होतो, दिसत काही नव्हतं. दहा मिनिटांत म्हणालो, "चला."

औद्योगिक वसाहतीत एक बंद पडलेला कारखाना होता. यंत्रं गेली होती, नुसती लांबलचक शेड उरली होती. दारावर पाटील नावाचे वॉचमन, सत्तरीचे, हरेशचे जुने स्नेही. खुर्चीवरून न उठताच त्यांनी शेडकडे बोट केलं. "ही शेड हाय ना, तिथं आमची भातशेती व्हती. आता मीच तिची राखण करतो, पगारावर." हसले नाहीत. आम्हीही हसलो नाही.

शेडचं दार ओढून घेतल्यावर भर सकाळी आत काळोख झाला. हरेशने टेपने आठ मीटर मोजले, खडूने फुली केली आणि मला तिथे उभं केलं.

"गुडघे वाकवा. आणखी थोडं. हां, आता डोळे बरोबर उंचीला आले. आधी जुने दाखवतो, म्हणजे फरक कळेल."

जुने दिवे त्याने डिकीतून काढून तात्पुरते बॅटरीला जोडले होते. त्याने ते लावले.

पुढचं सगळं नाहीसं झालं. शेड नाही, गाडी नाही, पायाखालची जमीन नाही. मी हात पुढे केला, तोही दिसला नाही. दिवे विझल्यावरही डोळ्यांसमोर हिरवी वर्तुळं फिरत होती, आणि मी खाली बसलो.

"बस, एवढंच," हरेशचा आवाज आला. "मोटारसायकलवाला एवढ्या वेळात तीस-चाळीस मीटर गेलेला असतो. आंधळा."

मला माहीत होतं तो कुठे गेलेला असतो. बारवीच्या रस्त्यावर, संध्याकाळ उलटून गेल्यावर, मी एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नासाठी बदलापूरकडे येत होतो. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी, आणि माझे दिवे त्या झाडीत खोलवर गेलेले. समोरून एक मोटारसायकल आली. तिने दिवा खालीवर केला. थोडं थांबून पुन्हा केला. दोनदा. मला ते स्पष्ट दिसलं. त्याचा अर्थही कळला. खाली वाकायचं, ते बटण शोधायचं, याचा मला कंटाळा आला. जाईल की, असं मनात म्हणालो. ती मोटारसायकल माझ्या गाडीशेजारून न जाता सरळ मोरीच्या कठड्यावर गेली.

मी थांबलो. त्याला उचलून मागच्या सीटवर घातलं, दवाखान्यात नेलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "मी येत होतो, तर हा रस्त्याकडेला पडलेला दिसला." कुणी दुसरं काही विचारलं नाही. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला अपघाताचं काहीच आठवत नव्हतं.

हरेशने नवे दिवे लावले. प्रकाश माझ्या कमरेखालून जमिनीवर पसरला. मग त्याने डिपर मारला आणि दोन्ही एकदम विझले. "झालं," तो समाधानाने म्हणाला. "आता तुमच्या गाडीला कुणी नाव ठेवणार नाही."

बाहेर पाटलांनी चहा दिला. मिलिंद अंबरनाथच्या वसाहतीत कामाला होता, हे मला तेव्हा दवाखान्यात कळलं होतं. बोलता बोलता मी विचारलं, "इथे मिलिंद जाधव म्हणून कुणी कामाला होते का?"

"समोरच्या कंपनीत व्हता. फिटर. कामाला लय चांगला." पाटलांनी कप खाली ठेवला. "पण दारू पिऊन पडला म्हणतात. सोडली व्हती त्यानं, दोन वर्षं झाली व्हती. मंग सरळ रस्त्यावर आपोआप कसा पडंल? कंपनीनं परत घेतलाच नाय. एका पायाचा फिटर घ्यायला बी कोन तयार नसतो, तं कारन मिळालं."

हे मला माहीत नव्हतं. फोनवर त्याने कधीच सांगितलं नव्हतं.

बदलापूर

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मिलिंदचं घर हेंद्रेपाड्यात, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तरी तो मला घ्यायला खाली गेटपर्यंत आला होता, काठी टेकत, पँटच्या आत नकली पाय. माणूस पस्तिशीचा, पण केस कानांवर पांढरे झालेले.

"जय भीम, सर. शेवटी आलात."

जिने चढताना तो दर मजल्यावर थांबत होता आणि मला म्हणत होता, "तुम्ही दमला असाल, थांबू थोडं."

घर लहान, लख्ख. फळीवर बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. मिलिंदची बायको सुजाता औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, आठवड्यातून तीनदा दोन पाळ्या करते. आठवड्यातली एकमेव सुटी तिने सकाळपासून माझ्या जेवणात घातली होती. कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, आणि "सरांना गोड आवडत असेल" म्हणून शेवयांची खीर. आमच्याकडे बाजरीची भाकरी, जाड, कुस्करून खायची. या भाकऱ्या पांढऱ्याशुभ्र, पातळ, रश्शात पडताच विरघळणाऱ्या. सुजाता आग्रह करत होती आणि मी खात होतो. इतकं चांगलं जेवण इतक्या लाजेने मी कधी जेवलो नाही.

"तुमच्यामुळे हे आहेत," ती म्हणाली. "त्या रस्त्यावर कोण थांबतं, सर? आम्ही तुमचं नाव रोज घेतो."

मग, मला घरचाच माणूस समजून, ती मोकळी झाली. तिचा भाऊ, दिनेश, यानेच मिलिंदला हाताला धरून दारू सोडवली होती. अपघातानंतर त्याने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मिलिंद त्या संध्याकाळी मुरबाडजवळच्या गावी आईकडे निघाला होता. त्याची आईही म्हणते, वाटेत कुठेतरी बसला असेल.

"आणि मीही म्हटलं," सुजाता म्हणाली. "खोटं कशाला बोलू? दवाखान्यात, पाय कापायच्या आदल्या दिवशी मी यांना म्हटलं, प्यायलास ना शेवटी."

मिलिंद ताटात बोट फिरवत होता. "मला आठवत नाही, सर. धरणापर्यंत आठवतं. पुढे एकदम दवाखाना. पण सगळे म्हणतात म्हणजे प्यायलोच असेन. नाहीतर सरळ रस्त्यावर कोण पडतं?"

माझी गाडी खाली उभी होती, अगदी नियमात. काही दाखवण्यासारखं तिच्यावर उरलं नव्हतं. मी खीर संपवून, हात धुऊन, आशीर्वाद देऊन निघू शकलो असतो. मी तेवढ्यासाठीच आलो होतो की काय, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

"मिलिंद," मी म्हणालो, "तू प्यायला नव्हतास."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी तुला उचललं तेव्हा तुझं तोंड माझ्या खांद्यावर होतं. दारूचा वास नव्हता. आणि तू पडलास ते माझ्यामुळे. माझ्या गाडीचे जादा दिवे तुझ्या डोळ्यांवर होते. मी समोरून येत होतो. पोलिसांना खोटं सांगितलं. तू मला दोनदा डिपर दिलास. मी दिवे बंद केले नाहीत."

सुजाताच्या हातात खिरीचं भांडं होतं. ते तिने हळूच खाली ठेवलं.

मिलिंदचं ताटातलं बोट थांबलं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. तो ओरडेल, काठी उगारेल, असं मला वाटलं. मी तयार होतो. तो म्हणाला, "दोनदा दिला?"

"दोनदा."

"मध्ये थांबून?"

"हो. थोडं थांबून."

"मी तसाच देतो," तो सुजाताकडे वळून म्हणाला. "म्हणजे मी शुद्धीत होतो गं."

सुजाता रडली नाही. तिने माझ्यासमोरचं ताट उचललं, मोरीत नेऊन ठेवलं, पदराला हात पुसले आणि फोन घेऊन आली. आता ती मला सर म्हणत नव्हती.

"माझ्या भावाला सांगा. आत्ता. हेच, असंच."

तिने फोन लावला, स्पीकरवर ठेवला. मी सांगितलं. दिनेशने मला शिव्या दिल्या. मी त्या ऐकून घेतल्या. मग तो सुजाताला म्हणाला, "भाऊजींना सांग, मी येतोय," आणि त्याचा आवाज फुटला.

दुसरा फोन कंपनीतल्या सुपरवायझरला. त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं झालं कळलं. पण जाधव, ती जागा आता भरली हो." मिलिंदने "हो साहेब" म्हटलं.

तिसरा फोन मिलिंदच्या आईला. तो उचलला गेला नाही.

"आता पोलीस," सुजाता म्हणाली.

आम्ही तिघं माझ्याच गाडीतून गेलो. मिलिंद पुढे, सुजाता मागे, त्याच सीटवर. चौकीतल्या साहेबांनी विचारलं, "तेरा महिन्यांनी आज कशाला आलात?" मी बाहेर उभ्या गाडीकडे बोट केलं. ते बाहेर जाऊन, वाकून गाडी पाहून आले. "हे दिवे तर बरोबर आहेत."

"ते परवा लावले. तेव्हाचे डिकीत आहेत."

पोतं त्यांनी टेबलावर उघडलं. जबाब लिहायला सुरुवात झाली. गाडी आणि दिवे तिथेच ठेवून घेतले. गाडी अजून तिथेच आहे, मी एसटीने परतलो, आणि बोलावतील तेव्हा मला हजर राहायचं आहे. घरी बायकोला सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी फार बोलत नाही. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि या जबाबाने मिलिंदचा पाय किंवा त्याची जागा परत येणार नाही, एवढं माहीत आहे.

माझा जबाब अर्ध्यावर असताना मिलिंदचा फोन वाजला. आई होती, शेतावरून परत आलेली. तिला कमी ऐकू येतं. बाकावर बसल्या बसल्या तो हळू आवाजात सांगायला लागला, तिला कळेना. त्याने पुन्हा सांगितलं. मग तो काठी धरून उभा राहिला आणि त्या भरलेल्या चौकीत मोठ्याने ओरडला,

"आई, मी प्यायलो नव्हतो! नाही गं, नव्हतो प्यायलो!"

हवालदाराचा हात लिहिता लिहिता थांबला. सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. सुजाता त्याच्या शेजारी उभी होती. तिने त्याला हळू बोल म्हटलं नाही. तो आणखी एकदा ओरडला.